डॉक्सी सुरू करताय? आधी एवढं सांभाळा

मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन मीही ३ महिने घेतलंय, घाबरू नका. सुरुवातीला दोनच गोष्टी जपा.

गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. मी एकदा घोटभर पाण्यावर गिळून झोपले. छातीत अशी जळजळ, की चार दिवस भातही गिळवेना!

दुसरं ऊन. त्वचा पटकन भाजते, सनस्क्रीन आणि स्कार्फ हवाच.

नेहमीच्या चुका:
- दूध, लोह, कॅल्शियम, अँटासिड सोबतच घेणं. २-३ तासांचं अंतर ठेवा.
- पंधरा दिवसांत कंटाळून सोडणं. ६-८ आठवडे लागतात.
- जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणणं.

गरोदर असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. डोकं फार दुखून धूसर दिसलं, तर गोळी थांबवून लगेच त्यांना गाठा.