गावच्या घरी ओट्याखाली ट्रॉल्या केल्या, तरी सामान ओट्यावरच पडून राहते. जागा कशी काढावी?

ट्रॉल्यांना दोष देऊ नका. आपल्याकडे तूर, गहू, ज्वारी वर्षाची एकदाच भरतात आणि मग सगळेच स्वयंपाकघरात घुसते. साठा मागच्या खोलीतल्या कोठीत राहू द्या, ओट्याखाली फक्त पंधरा दिवसांचे ठेवा. आमच्याकडे एवढ्यानेच अर्धी आलमारी मोकळी झाली.

मग डबे पाहा. गोल डबा त्याच मापाच्या चौकोनी जागेतली सुमारे २१ टक्के जागा वाया घालवतो. चौकोनी डबे एकमेकांना चिकटून बसतात. आईच्या लग्नातले पितळी डबे काढा म्हणायची माझी तरी हिंमत नाही! ते वरच्या फळीवर, कुरडया-सरगुंड्यांना.

दोन फळ्यांमध्ये वीतभर जागा रिकामी दिसत असेल तर गावातल्या सुताराकडून मध्ये अर्धी फळी ठोकून घ्या. गंज, म्हणजे पातेली, एकात एक घाला, झाकणे आणि ताटे उभी लावा.

सराटा (उलथणे), सांडशी, झारा गॅसजवळच्या वरच्या ड्रॉवरमध्ये. खोल ड्रॉवरमध्ये डबे वरून दिसतात, म्हणून नाव झाकणावर लिहा. तिखट-हळद मात्र गॅसला लागून नको, उष्णतेने रंग आणि वास दोन्ही जातात. सिंकखाली ओल असते, तिथे साबण-घासणीच बरी.

आणि हो, पाइपाचे भोक जाळीने बुजवा. नाहीतर या नीट लावलेल्या ट्रॉलीत पहिला मुक्काम उंदराचा.