चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं मिळून मुलांना घरीच शिकवतो. एकत्र कोणते उपक्रम घ्यावेत, सहली कुठे काढाव्यात?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "सासरचे म्हणतात, शाळेत न घालून तुम्ही मुलांचं नुकसान करताय." त्या एका ओळीमुळे मी लिहायला बसले. उपक्रमांचं सांगतेच, पण आधी हे.

माझे वडील नगरचे. मिशनच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. माझे आजोबा मिशनच्याच शाळेत शिकले, म्हणून आमच्या घरात अक्षर आलं. आम्ही मुलाला चौथीतून काढलं तेव्हा पप्पा फोनवर म्हणाले, "जोतीराव फुले मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा बघायला पुण्याहून नगरला आले होते. शाळा बघायला. आणि तू पोराला शाळेतून उचलून घरी बसवतेस?" मुलाला रोज सकाळी पोटात दुखायचं, वाचायला उभं केलं की घाम फुटायचा, हे मी सांगत राहिले. त्यांनी फोन ठेवला. पुढचे पाच महिने ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

दरम्यान पुण्यात आमचा गट जमला होता. पाच कुटुंबं, अकरा मुलं, दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये. पहिली मोठी सहल केडगावची ठरली, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनची. (दौंड तालुक्यातलं केडगाव. नगरजवळही एक केडगाव आहे, तिकडे जाऊ नका.) मी मुद्दाम पप्पांना बोलावलं. मनात हिशेब होता, तो लपवत नाही. लहानपणी रमाबाई एक दिवसही शाळेत गेल्या नव्हत्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला, गंगामूळच्या रानात घर केलं, आणि त्या आईनं पुढे लेकीला शिकवलं. तीर्थयात्रेत पायी चालता चालता भागवत पाठ झालं. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं ते या घरच्या शिक्षणाला. हे पप्पांना केडगावच्या भूमीवर ऐकवायचं, असं मी ठरवलं होतं.

तयारीत तीन गुरुवार गेले, आणि माझ्या मते खरा उपक्रम तोच होता. रमाबाई इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या आणि तिथल्याच मुली-बायका छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवत होत्या, हे नुसतं सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून आम्ही बटाटे कापून अक्षरांचे ठसे केले. पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं उलटी उमटली. दुसऱ्या गुरुवारी मुलं आरसा घेऊन आली. जोडाक्षराशी मात्र अकराच्या अकरा अडली. 'ख्रिस्त' हा एक शब्द नीट उमटवायला अख्खी दुपार गेली, आणि मग माझ्या मुलानं विचारलं, "मम्मी, अख्ख्या बायबलला किती खिळे लागले असतील?" वाचायला घाबरणारा मुलगा हे विचारत होता. मोठ्या मुलांनी बायबलमधलं स्तोत्र 119 घेतलं. त्याचे 22 भाग इब्रीच्या 22 अक्षरांवर बांधलेत, ती अक्षरं त्यांनी वहीत गिरवली.

जानेवारीत गेलो, दौंडच्या गाडीनं. पप्पा पांढरा शर्ट, कोट घालून आलेले. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, प्रत्येक स्टेशनाचं नाव ते मुलांकडून पाटीवरून वाचून घेत होते. केडगावला रमाबाईंच्या कबरीपाशी सगळे बसलो आणि मी माझं भाषण केलं. भाषांतर पुरं करून त्या 1922 साली गेल्या, छापलेलं बायबल 1924 मध्ये बाहेर आलं, आणि ही सगळी विद्या आईच्या पायाशी बसून सुरू झाली, असं म्हणून मी पप्पांकडे बघितलं.

पप्पा उठले. आवाज न चढवता मुलांना विचारलं, "आणि 1889 साली बाईंनी मुंबईत काय काढलं?"

"शारदा सदन," माझीच मुलगी म्हणाली.

"म्हणजे काय?"

"शाळा."

ते परत खाली बसले. मला त्या क्षणी काही सुचलं नाही. परतीच्या गाडीत मी हडपसरपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

उत्तर मला नंतर सुचलं, ते इथे लिहिते, कारण पप्पा हे वाचतील. पप्पा, सदन म्हणजे घर. शारदा सदनात मुली राहत होत्या, जेवत होत्या, बाई त्यांच्यातच राहत होत्या. 1896-97 च्या दुष्काळातून मुली केडगावला आणल्या, त्यांना अक्षर शिकवलं आणि विणकाम, छपाईही शिकवली, तेही त्याच आवारात राहून. त्याला शाळा म्हणा, माझी हरकत नाही. पण मग आमच्या गुरुवारालाही म्हणा.

आता तुमचा प्रश्न. जो पालक शिकवणार नाही त्याला गटात घेऊ नका. आमच्याकडे प्रत्येक घरानं एक विषय घ्यायचा आणि पाळीनं हॉल झाडायचा. मुलं सोडून बाजारात जाणारी दोन कुटुंबं आम्ही पहिल्याच वर्षी नम्रपणे कमी केली. वयाप्रमाणे वर्ग पाडू नका. तेराचा मुलगा सहाच्या मुलीला ठसा धरायला शिकवतो तेव्हा 'मुलं एकलकोंडी होतील' हा आक्षेप गळून पडतो. नाताळचं नाटक आणि पाठांतर संडेस्कूलमध्ये होतंच, गटाचा वेळ त्यात घालवू नका. आणि वॉटरपार्कला सहल म्हणू नका.

सहली वर्षाला तीन पुरेत. फेब्रुवारीच्या अखेरीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना बघता येते. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. आम्ही आधी चर्चच्या आवारात 45 मीटर सुतळी ताणायला गेलो, ती फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. मग खोडदला तबकडीखाली उभं राहून 'आकाश देवाचा महिमा वर्णिते' हे स्तोत्र मुलांनी आपणहून म्हटलं, कुणी सांगावं लागलं नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला हिवाळ्यात जा. कुंभारगावचे मच्छीमार होडीतून नेतात, पक्ष्यांची नावं त्यांनाच विचारा, पुस्तक पिशवीत राहू द्या. लहान मुलांना जीवरक्षक जाकिटाशिवाय होडीत बसवू नका.

आमच्या गटात आता एक हिंदू शेजारी कुटुंबही आहे. दोन घरांना ते रुचलं नव्हतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही, प्रार्थनेच्या वेळी ते शांत उभे राहतात.

एक सांगायचं राहिलं. आमचं घर एका पगारावर चालतं, म्हणून हे जमलं. गटातली एक मुलगी आठवीत शाळेत परत गेली आणि तिथे खूश आहे. आणि ज्या घरात शिकवायला कुणीच नाही तिथलं मूल शाळेवाचून उघडं पडतं, हे पप्पांचं म्हणणं मी कधीच खोडलेलं नाही. आमच्या आजोबांचं घर तसंच होतं.

केडगावच्या सहलीनंतर महिनाभरानं एका गुरुवारी पप्पा न सांगता नगरहून एसटीनं आले. हातात नवा कोरा हजेरीपट होता, अकरा नावं आधीच त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेली. तेव्हापासून महिन्यातून एकदा ते व्याकरण घेतात. आधी हजेरी, मग प्रार्थना, मग संधी-समास. हॉलमध्ये पाऊल टाकलं की अजूनही ते म्हणतात, "चला, शाळा भरली." मी काही बोलत नाही, फळा पुसून देते.