फँटसी चित्रपटाला 'भलताच' संगीतकार दिला, तर चाहत्यांची शंका कितपत खरी धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळात तुमच्या मित्रमंडळीत वाद झाला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला संगीतकार म्हणून हॉवर्ड शोर हे नाव आलं तेव्हा चाहते नाराज होते, हे खरं का? ती नाराजी वेडेपणाची होती का? आणि उद्या एखाद्या कोकणातल्या फँटसीला असाच अनपेक्षित संगीतकार जाहीर झाला, तर गाणी यायच्या आधी काय बघून मत बनवायचं?

नाराजी खरी होती आणि अगदीच बिनबुडाची नव्हती. २०००च्या ऑगस्टमध्ये नाव जाहीर झालं तेव्हा शोरच्या नावावर काय होतं बघा. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी टीव्ही कार्यक्रमाचा तो पहिला संगीत दिग्दर्शक, १९७५ ते १९८०. मग डेव्हिड क्रोननबर्गचे अंगावर येणारे भयपट. मग 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१) आणि 'सेव्हन' (१९९५), दोन्हींत खुनी माणसं आणि काळपट, संथ संगीत. अधेमधे 'मिसेस डाउटफायर'सारखा विनोदी चित्रपट. यात घोडदळ, किल्ले, एल्फ कुठे आहेत? गुणगुणता येईल अशी चालही पटकन आठवत नाही. ज्यांच्या कानात 'स्टार वॉर्स'वाल्या जॉन विल्यम्सचे पितळी भोंगे बसलेत, त्यांना हा माणूस परका वाटणारच.

फक्त ती मंडळी बघत होती त्याने आजवर कुठल्या जातीचे चित्रपट केले. मी असतो तर वाद्यांची यादी बघितली असती, कारण सगळा पुरावा तिथेच पडून होता. 'एड वुड'मध्ये (१९९४) त्याने थेरमिन वापरलं, हात न लावता वाजणारं ते विजेचं वाद्य, कारण जुन्या स्वस्त विज्ञानपटांचं जग त्याच आवाजाने उभं राहतं. 'क्रॅश'मध्ये (१९९६) सहा इलेक्ट्रिक गिटार आणि तीन हार्प. 'नेकेड लंच'मध्ये (१९९१) लंडन फिलहार्मोनिकच्या जोडीला ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन. त्याआधी 'द फ्लाय'लाही (१९८६) हाच लंडन फिलहार्मोनिक होता, आणि पुढे रिंग्जचा बहुतेक भाग याच वाद्यवृंदाने वाजवला. म्हणजे मोठा वाद्यवृंद त्याला नवा नव्हता आणि प्रत्येक चित्रपटाला वेगळा मेळ जमवायची खोड जुनीच होती. ज्या गोष्टीत प्रत्येक जमातीची भाषा आणि चालीरीती निराळ्या, तिथे अशी खोड असलेलाच माणूस लागतो.

आता ते प्रत्यक्षात कसं झालं. दशावतार बघणाऱ्याला हे समजावायला वेळ लागत नाही. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर रात्र निघते, तरी संकासुर येणार की राजा येणार हे पडद्याकडे न बघताही ठेक्यावरून कळतं. शोरने नेमकं तेच केलं, फक्त पात्रांबरोबर प्रदेशांनाही.

शायर म्हणजे गोष्टीतल्या हॉबिट या बुटबैंगण लोकांचं गाव, त्याची चाल सा रे ग प अशी चढते. सुरुवात ऐकून भूप आठवावा इतकी साधी, आणि ती व्हिसलवर किंवा फिडलवर येते. आयझेनगार्ड या दुष्ट जादूगाराच्या किल्ल्याला पाच मात्रांचा ठेका: एक ते पाच मोजत राहा, सहावी मात्रा कधीच मिळत नाही, म्हणून यंत्र अडखळत पुढे सरकतंय असं वाटतं. झपतालाची सवय असलेल्या कानाला पाच नवे नाहीत, पण इथे ते लोखंडावर, ऐरणीवर आपटून येतात, म्हणून गोडवा राहत नाही. रोहन या घोडेस्वारांच्या राज्याला नॉर्वेचं हार्डांगर फिडल. त्यात वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात, आपल्या सारंगीसारख्या, म्हणून एकटं वाजलं तरी मागे घुमत राहतं. मोरिया या बुटक्यांच्या भुयारी नगरीत पुरुषांचा कोरस, त्यात माओरी आणि सामोअन गायक, आणि शब्द मूळ कादंबरीचा लेखक टोल्कीन याने रचलेल्या बुटक्यांच्या भाषेतले. स्वर बहुतेक सा-प अशा जोडीने चालतात, मधला गंधार गाळून. गंधार नसला की आनंद की दुःख हे ठरत नाही, दगडाची पोकळी तेवढी उरते.

लोथलोरियन या एल्फांच्या अरण्याचा तुकडा मात्र हेडफोन लावून ऐका. तिथे खरी सारंगी आहे, आणि स्वरांची चौकट अरबी हिजाजची. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. पेटीवर वाजवून बघा, बसंतमुखारी राग समोर येतो. शायरमधून आलेल्या माणसाला हा देश अनोळखी, किंचित भीतिदायक वाटला पाहिजे. ते काम संवादाच्या आधी हे स्वर करून टाकतात. गोलम या अंगठीने झपाटलेल्या पात्राला सिंबालम दिलंय, संतूरसारखंच काड्यांनी वाजवायचं वाद्य. गोलम थरथरतो तसा त्याचा आवाजही.

शंका फिरली ती २००१च्या मेमध्ये. कान महोत्सवात सुमारे २६ मिनिटांचे तुकडे दाखवले, त्यात मोरियाचा भाग होता आणि त्यावर शोरचं संगीत होतं. डिसेंबरात चित्रपट आला, २००२ला ऑस्कर मिळालं, २००४ला तिसऱ्या भागासाठी संगीताचं आणि गाण्याचं अशी दोन. पण 'ऑस्कर मिळालं म्हणजे शंका खोटी' हा हिशेब मला पटत नाही. शंकेचं उत्तर कामात शोधायचं असतं.

शिवाय उलटंही घडतं. 'लेडीहॉक' (१९८५) ही मध्ययुगीन गोष्ट, आणि तिला सिंथेसायझर-ड्रमचं रॉक संगीत दिलं. ते आजही बहुतेकांना खटकतं, आणि बरोबरच आहे: पडद्यावर घोडे आणि कानात ऐंशीच्या दशकाची मैफल. 'लेजंड'ला जेरी गोल्डस्मिथने संगीत लिहिलं होतं, अमेरिकेत ते काढून टँजरीन ड्रीमचं घातलं. 'ट्रॉय'ला (२००४) गॅब्रिएल यारेदचं संगीत चाचणी खेळानंतर काढलं आणि जेम्स हॉर्नरला बोलावलं. आणि शोरचंच बघा. २००५च्या 'किंग काँग'ला तोच दिग्दर्शक, पीटर जॅक्सन, तरी ऑक्टोबरात दोघे वेगळे झाले आणि प्रदर्शनाला जेमतेम दोन महिने उरलेले असताना जेम्स न्यूटन हॉवर्डने काम हाती घेतलं. तेव्हा माणूस चांगला म्हणजे जोडी जमणारच, असं नसतं.

आता तुमच्या कामाचं.

पहिली गोष्ट, श्रेयनामावली नीट वाचा. आपल्याकडे गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं हे नेहमीचं, आणि फँटसी तरते ती दुसऱ्यावर. 'तुंबाड'मध्ये (२०१८) शीर्षकगीत अजय-अतुलचं, पार्श्वसंगीत मात्र येस्पर किड या डॅनिश माणसाचं, ज्याची ओळख व्हिडिओ गेमच्या संगीताची. नुसतं नाव ऐकून 'कोकणातल्या वाड्याचं याला काय कळणार' म्हणणारे सहज निघाले असते. चित्रपट पाहिल्यावर तो पाऊस आणि ती विहीर त्या संगीताशिवाय आठवत नाही. जाहीर झालेलं नाव नुसतं गाण्यांसाठी असेल, तर भांडण सध्या तहकूब करा.

दुसरी, वेळ. संगीतकाराला सहसा संकलन होत आल्यावर बोलावतात आणि हातात काही आठवडे देतात. शोरचं नाव प्रदर्शनाच्या सोळा महिने आधी जाहीर झालं होतं. एवढ्या वेळात वाद्यं शोधणं, कोरसचे शब्द लिहून घेणं, चाली रुजवणं जमतं. आपल्या चित्रपटाचं चित्रीकरण संपल्यावर नाव आलं असेल, तर माणूस कितीही मोठा असो, काळजी करायला जागा आहे. मग तयार नमुन्यांवर भागवलं जातं.

ते नमुने ओळखता येतात. संगणकातल्या व्हायोलिनचा एकच स्वर झरझर पुन्हा वाजला की प्रत्येक वेळी तंतोतंत सारखा येतो, टाइपरायटरसारखा. खऱ्या वादकाचा गज दर वेळी थोडा वेगळा पडतो. बासरीत श्वास ऐकू येत नाही. आणि कोकण म्हटलं की कुठल्यातरी परदेशी फुंकवाद्याची रडवी लकेर टाकायची फॅशन आहे, ती ऐकली की मी तरी गुण कापतो. नमनाचा मृदंग, शिमग्याच्या पालखीपुढचा ढोल, जाखडीचे घुंगरू एवढं हाताशी असताना ती लकेर कशाला?

अर्थात ही वाद्यं घेतली की आपोआप जमतं असंही नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. स्टुडिओतल्या एसीत ती सुकते, हलकी होते आणि स्वर चढतो. तिसऱ्या टेकपर्यंत पहिल्याशी जुळत नाही. दर थोड्या वेळाने पाण्याचा हात लावायचा, नाहीतर कणीक नवी लावायची, आणि उजवी बाजू गठ्ठे ठोकून परत मिळवायची. पावसाळ्यात याच्या उलट, चामडं सैल पडून उतरतं. पायपेटीचं निराळंच: जुन्या पेटीचा स्वर वाद्यवृंदाच्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या स्वराशी जुळेलच असं नाही. वरून व्हायोलिन चढवली की दोन्ही स्वर एकमेकांवर डुगडुगतात, कान किटतात. उपाय दोनच: वाद्यवृंद पेटीला लावून घ्यायचा, नाहीतर पेटीच्या आतल्या रीड तासून घ्यायच्या. संगीतकाराच्या मुलाखतीत यातलं काही निघालं, तर त्याने पखवाजी प्रत्यक्ष समोर बसवलाय एवढं नक्की. 'आम्ही मातीतलं संगीत केलंय' एवढंच निघालं, तर थांबा.

तिसरी गोष्ट, ट्रेलरवरून निकाल देऊ नका. ट्रेलरचं संगीत पुष्कळदा वेगळीच माणसं करतात. रिंग्जच्या दुसऱ्या भागाच्या, 'द टू टॉवर्स'च्या, २००२च्या गाजलेल्या ट्रेलरचं संगीत शोरचं नव्हतंच. क्लिंट मॅन्सेलची दुसऱ्या चित्रपटातली चाल मोठ्या वाद्यवृंदावर नव्याने बसवली होती. त्यात फोनवर ऐकलं तर अर्धं संगीत गायब. फोनचा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. तिथेच ढोल, खालचे भोंगे आणि पुरुषांचा कोरस राहतो. मोरिया फोनवर ऐकून 'काही दम नाही' म्हणणाऱ्याने खरं तर मोरिया ऐकलेलंच नसतं.

अल्बमचाही भरवसा बेताचाच ठेवा. रिंग्जच्या पहिल्या भागाची, 'फेलोशिप'ची, २००१ची सीडी सत्तरेक मिनिटांची; २००५ला पूर्ण संगीत आलं ते तीन तासांच्या आसपास. चाली कशा हळूहळू बदलत जातात हे पहिल्या सीडीत नीट कळतच नाही.

म्हणून नाव जाहीर झाल्यावर त्या संगीतकाराची मागची तीन पार्श्वसंगीतं घ्या, गाणी सोडून. तिन्हींत वाद्यं तीच आहेत का बघा. मग प्रत्येकातला एक संथ, संवादाखालचा प्रसंग काढा. लढाई नको, लढाईत ढोल बडवून कोणीही वेळ मारून नेतो. पात्र बोलत असताना संगीत बाजूला सरतं का, आणि तीच चाल पुढे दुसऱ्या वाद्यावर, दुसऱ्या लयीत परत येते का, हे टिपा. शोरच्या बाबतीत हे काम कोणी २००० साली केलं असतं, तर पहिल्या प्रश्नाला 'नाही' आणि दुसऱ्याला 'हो' मिळालं असतं. गुणगुणण्याजोगी चाल येईल का, याचं उत्तर मात्र त्या जुन्या रेकॉर्डांत सापडलं नसतं; तेवढ्यापुरते तेव्हाचे शंकेखोर बरोबर होते.