साखळी माझ्यापाशी येऊन अडते

ताई, मी वसईची, कॅथलिक घरातली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन अहिल्यानगरला प्रोटेस्टंट कुटुंबात आले. इथे दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते आणि शेवटी साखळी प्रार्थना, म्हणजे एकेकाने पाळीपाळीने, मोठ्याने करायची. माझी पाळी आली की तोंडातून शब्द फुटत नाही. परवा सासूबाईंनीच माझ्या वाटची प्रार्थना केली. निघताना एक काकू म्हणाल्या, "सूनबाईंना अजून प्रार्थना येत नाही वाटतं." मला खरंच येत नाही का? आधी दोन वाक्यं तरी बोलायचे. एप्रिलमध्ये तिसऱ्या महिन्यात माझा गर्भपात झाला, ते सासूबाईंच्या प्रार्थनेतून सभेत सगळ्यांसमोर आलं. तेव्हापासून तेही बंद.
— एक सून

"येत नाही" हे आधी डोक्यातून काढ. ऑक्टोबरभर संध्याकाळी घरच्यांसोबत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत वाढलेली मुलगी तू. एकाने अर्धं म्हणायचं, बाकीच्यांनी पुरं करायचं, ही मोठ्याने आणि मिळून केलेली प्रार्थनाच की! तिथे शब्द तयार असतात, इथे आयत्या वेळी जुळवावे लागतात, एवढंच. आणि खरं सांगू, आमचेही बरेचसे तयारच असतात. बुधवारी नीट कान दे. "हे प्रेमळ दयाळू पित्या" ही सुरुवात, दर श्वासाला "प्रभू, तुझे आभार मानते", शेवटी "येशूच्या नावाने मागते, आमेन". मधली दोन वाक्यं तेवढी ज्याची त्याची.

मी चर्चच्या तरुण संघात पहिल्यांदा प्रार्थनेला उभी राहिले तेव्हा "हे प्रभू"च्या पुढे काही सुचेना. घाबरून जेवणाआधीची प्रार्थना म्हणून टाकली. समोर नुसती सतरंजी. सगळे गंभीरपणे आमेन म्हणाले.

पण तुझं दुखणं शब्दांचं नाहीच. जे खरं लागलंय ते तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस. आमच्या सभांमधली ही खोड मला चांगली ठाऊक आहे. "आमच्या या बहिणीसाठी, प्रभू, तुला तर सगळं माहीतच आहे..." असं म्हणत देवाला माहीत असलेली गोष्ट वीस जणांना सांगितली जाते. डोळे मिटलेले असले तरी कान उघडेच असतात. ज्या खोलीत तुझं दुःख तुला न विचारता मांडलं गेलं, तिथे तुझा आवाज बंद झाला, यात नवल ते काय?

सासूबाईंनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. घरात काही झालं की सभेत सांगायचं, हे आमच्या अंगवळणी पडलंय. त्याने माणसं जोडलीही जातात. दवाखान्यात रात्री थांबायला कुणीतरी येतं, दारात डबा पोचतो. तरीही ज्याचं दुःख त्याला आधी विचारायला हवं. तेव्हा सभेत नको, घरी दोघीच असाल तेव्हा बोल: "आई, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता ते मला हवंच आहे. पण माझी गोष्ट सभेत मांडायच्या आधी मला विचारा." नवऱ्याला हे आधी सांगून ठेव. त्याने त्या वेळी पेपरात तोंड खुपसून बसू नये.

बायबलमधल्या हन्नाची, मुलासाठी देवाकडे रडणाऱ्या बाईची, गोष्ट तुला आता बायका येताजाता ऐकवतील, मूल होईल या आशेने. मी दुसऱ्याच कारणाने आठवण करून देते. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात ती मंदिरात नुसते ओठ हलवत होती, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई प्यायली आहे. याजकाचीसुद्धा अशी चूक होते, मग त्या काकूंचं काय घेऊन बसलीस! देवाने ते न ऐकू येणारं ऐकलं होतं.

साखळीचं म्हणशील तर सभा चालवणाऱ्यांना आधीच सांगून ठेव, की काही दिवस मी माझ्या पाळीला शेजारणीचा हात दाबून पुढे देईन. बोलावंसं वाटलं तर बायबलमधल्या स्तोत्र २३ ची पहिली ओळ, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", म्हण आणि थांब. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने फार बोलण्याला नावंच ठेवली आहेत, आणि लगेच पुढे "हे आमच्या स्वर्गातील पित्या" शिकवलं. तिथे "माझ्या" नाही, "आमच्या" आहे. सभेच्या शेवटी ही प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणावी असं सुचवून बघ. ती तर तुला माहेरपासून पाठ आहे.

मोठ्याने म्हणजे पाळीपाळीनेच, असं तरी कुठे आहे? पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली एकाच वेळी, आपापल्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करू लागल्या होत्या. आजही कित्येक मंडळ्यांमध्ये तशी करतात. पाहुण्याला तो गलबला वाटतो, पण लाजणाऱ्याला त्यात मोठा आडोसा असतो. कुणाचं वाक्य कुठे अडलं ते कुणालाच कळत नाही. रडू आलं तर तेही त्यात मिसळून जातं.

आणि चहाच्या वेळी काकूंनी पुन्हा विषय काढलाच, तर "येते की, मनातल्या मनात" एवढं म्हण आणि रिकामे कप गोळा करायला ऊठ.