अंदाजाची स्पर्धा आणि नियमांतील फटी

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत असतो. घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज बांधण्याच्या एका स्पर्धेत शेवटच्या शर्यतीपर्यंत तो 40 डॉलरांनी पुढे होता. मागच्या स्पर्धकाने आपल्या दोन प्रवेशिकांवर दोन वेगळे घोडे घेतले, त्याच्या मित्राने तिसरा घेतला आणि त्यांतला एक घोडा जिंकल्याने भाचा मागे पडला. आयोजकांनी तक्रार फेटाळली. ही लबाडी नव्हे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘हँडिकॅप’ म्हटले की घोड्यावर चढवायचे वजन आठवते, अमेरिकेत मात्र शर्यतीचा अंदाज बांधणाऱ्यालाही हँडिकॅपर म्हणतात. तिथल्या ‘नॅशनल हॉर्सप्लेयर्स चॅम्पियनशिप’ या प्रमुख स्पर्धेतही एकाला दोन प्रवेशिका मिळवता येतात. त्यामुळे दोन घोडे घेण्यात गैर काही नाही. ती सोय आपल्या भाच्यालाही होती.

मित्राची गोष्ट निराळी आहे. दोघांनी वेगवेगळे घोडे निवडले, एवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही. पण बक्षीस वाटून घ्यायचे आधीच ठरले असेल, तर ती एका डोक्याची तिसरी प्रवेशिका झाली, आणि तिला मी निःसंकोच लबाडी म्हणेन.

आता 40 डॉलरांच्या आघाडीविषयी. अशा स्पर्धांत बहुधा प्रत्येक शर्यतीत 2 डॉलर विनवर (घोडा पहिला येण्यावर) आणि 2 डॉलर प्लेसवर (पहिल्या दोघांत येण्यावर) काल्पनिक लावतात, आणि एखाद्या अनपेक्षित घोड्याने सगळी स्पर्धा उलथवू नये म्हणून विनचा भाव एकास वीस, तर प्लेसचा एकास दहा इथे रोखतात. म्हणजे लावलेले 2 डॉलर धरून एका घोड्यापासून जास्तीत जास्त 42 अधिक 22, असे 64 डॉलर मिळतात. आघाडी 64 पेक्षा जास्त असती, तर कोणताही घोडा जिंकला तरी भाचा सुरक्षित होता. ती कमी असल्याने प्रतिस्पर्धी मोठ्या भावाच्या घोड्यांकडे वळणार, हे उघड होते, आणि त्यांतलाच एखादा घोडा स्वतः घेऊन, म्हणजे तो जिंकल्यास दोघांनाही सारखेच मिळावे असे करून, प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे हा भाच्याला खुला असलेला डाव होता. (तो न खेळण्यात सभ्यपणा असेल, नियमाची सक्ती नव्हती.)

खऱ्या पैशांच्या स्पर्धांतील फट मला अधिक खटकते. अमेरिकेतल्या ब्रीडर्स कप शर्यतींवरच्या ‘ब्रीडर्स कप बेटिंग चॅलेंज’ या स्पर्धेत 2017 साली प्रवेशासाठी 10,000 डॉलर लागत आणि त्यांतील 7,500 पैजांसाठी असत. ठरावीक संख्येच्या शर्यतींत किमान रक्कम लावण्याची अट होती. पण तीच रक्कम बहुतेक सगळ्या घोड्यांवर विभागून लावली, की टोटची (पैजांच्या सामायिक रकमेतून आयोजक कापून घेतात ती) वजावट तेवढी जाते आणि बाकी पुंजी शेवटच्या शर्यतीसाठी जवळपास शाबूत राहते. अटीचे अक्षर पाळले जाते, हेतू मात्र बुडतो. तरीही दोष मी नियम लिहिणाऱ्याला देईन, कारण निकालानंतर हेतूचा अर्थ लावून कुणाचे बक्षीस काढून घेणे हाही अन्यायच आहे.

भाच्याने पुढच्या वेळी फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : निवडी शेवटच्या क्षणापर्यंत बदलता येतात का, आणि बक्षीस वाटून घेण्याच्या करारास मनाई आहे का.