वही सारखी ठेव

सांगली

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांतले मुलांचे किडनीविकार पाहणारे तुम्ही सात-आठ जण, त्यांतले बैठकीला चौघेच येतात, आणि त्या बैठकीतही पुढच्या परिषदेचे सभागृह व प्रायोजक यांखेरीज विषय निघत नाही. तेव्हा मंडळाचे सचिवपद सोडावे का, असे तू विचारले आहेस. दोन दिवस मी उत्तर लिहिले नाही, कारण पहिल्या वाचनात तुझे म्हणणे मला पटले होते. दुसऱ्या वाचनात राग आला, पण तो माझा मलाच. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच मजकुराचे पत्र लिहून मी एका मंडळातून बाहेर पडलो होतो.

पद ठेवायचे की सोडायचे ते तू ठरव. रुग्णांची नोंद मात्र सोडू नकोस. नोंद म्हणजे तुझी एकटीची वही नव्हे. सगळ्यांनी एकाच व्याख्येने, एकाच तक्त्यात ठेवलेली नोंद.

आपल्या शाखेची संघटना कशी वाढली ते आठव. १९६७ साली ग्लासगोला गॅव्हिन आर्नील यांच्या पुढाकाराने युरोपातील बालमूत्रपिंडतज्ज्ञांची संस्था स्थापन झाली आणि १९६९ मध्ये अमेरिकेतील संस्था झाली, हे तू परीक्षेसाठी पाठ केले असशील. पण त्याच काळात हेन्री बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनी मुलांच्या किडनीविकारांची जी एकत्रित पाहणी केली, ती मला त्या स्थापनांहून मोठी वाटते. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिने वाहून जाऊन अंग सुजते तो आजार. त्याची मुले एका रुग्णालयात येऊन येऊन किती येणार? म्हणून आजार आटोक्यात आला कधी म्हणायचे, उलटला कधी म्हणायचे, हे शब्द त्यांनी आधी ठरवले आणि मग सर्वांनी त्याच शब्दांत लिहिले. नेहमीच्या लक्षणांच्या मुलाच्या किडनीचा तुकडा तपासणीसाठी काढण्याआधी स्टेरॉइड देऊन पाहावे, हे आज तू ओपीडीत सहज करतेस. त्यामागे त्या एकसारख्या नोंदी आहेत. आपल्याकडेही २००१ साली भारतीय बालरोग अकादमीच्या किडनी गटाने नेफ्रोटिक सिंड्रोमच्या उपचारांवर एकमताचे निवेदन काढले, २००८ मध्ये ते सुधारले, आणि २०२१ ची मार्गदर्शक सूत्रे आली ती भारतीय बालमूत्रपिंडविकार संस्थेच्या नावाने. गटाची संस्था झाली ती असे मिळून लिहिता लिहिता.

आता माझे सांगतो. आटपाडीकडचा एक सहा वर्षांचा मुलगा औषध थांबवल्यावर तिसऱ्याच आठवड्यात सुजला, पोटात जंतुसंसर्ग झाला आणि गेला. त्याच्या आईने दवाखान्याच्या पायरीवर बसून मला विचारले होते की औषध बंद का केले. त्यानंतर मी कुणाचेही प्रेडनिसोलोन, म्हणजे हे स्टेरॉइड, लवकर थांबवले नाही. बारा आठवड्यांचा उपचार मी सहा महिन्यांपर्यंत, कधी त्याहूनही पुढे नेला. मुलांचे चेहरे गोल झाले, उंची खुंटली, तरी ‘माझा अनुभव आहे’ एवढे एकच वाक्य मी सर्वांना ऐकवत राहिलो. त्या काळी परदेशातले काही अभ्यासही दीर्घ उपचाराच्या बाजूचे होते, हे खरे आहे आणि ते मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण मी निष्काळजी नव्हतो.

पुढे भारतातल्या पाच रुग्णालयांनी मिळून १८१ मुलांवर तीन महिने आणि सहा महिने अशा उपचारांची तुलना केली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि औषध लांबवल्याने आजाराच्या वाटचालीत फारसा फरक पडत नाही असे दिसले. २०१९ मध्ये ब्रिटनमधील २३७ मुलांच्या अभ्यासातही, आठ आठवड्यांऐवजी सोळा आठवडे औषध दिल्याने आजार उलटण्यावर विशेष परिणाम झाला नाही. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाला जे दिसले नाही, ते पाच ठिकाणच्या सारख्या नोंदींना दिसले.

त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी दवाखान्यात शिरले आणि माझ्या बहुतेक वह्या गेल्या. बरीच वर्षे मी सांगत होतो की पुराने माझे काम नेले. ते खरे नव्हते. माळ्यावर राहिलेल्या सहा वह्या बचावल्या आहेत. त्या मी मागच्या उन्हाळ्यात उघडून बसलो, तर ‘उलटला’ हा शब्द मीच चार प्रकारे वापरलेला. कुठे सकाळी डोळ्यांवर सूज दिसली म्हणून, कुठे एका दिवसाच्या तपासणीवरून, कुठे नुसत्या आजीच्या सांगण्यावरून. सलग तीन दिवस पहाटेच्या लघवीत प्रथिने तीन अधिकचिन्हे (+++) किंवा त्याहून जास्त, ही व्याख्या मला ठाऊक होती; मी तिच्याप्रमाणे लिहिले नाही, एवढेच. त्या वह्यांतून आज काहीही मोजता येत नाही. पूर आला नसता तरी आले नसते.

म्हणून सदस्य येत नाहीत ही तक्रार मला सांगू नकोस. चौघे येतात ना? मग चौघांचा एक तक्ता कर. वय, वजन, उंची, पहिला उपचार किती आठवडे, रक्तदाब, डोळ्यांची तपासणी, आणि तीन दिवसांच्या नियमाने ठरलेली आजार उलटल्याची तारीख. त्याहून एकही रकाना वाढवू नकोस, कारण लांबलचक तक्ता तिसऱ्या महिन्यात कोणी भरत नाही. परिषदेचे सभागृह कोणी का ठरवेना, इतिवृत्तात पहिला विषय मात्र तक्त्याचा येऊ दे.

तू म्हणतेस की पालक घरी तपासणी करणार नाहीत. हे तू म्हणावेस याचे मला वाईट वाटले. जत तालुक्यातली एक बाई चुलीपाशी परीक्षानळीत लघवी तापवून ती किती गढूळ होते ते मुलाच्या शाळेच्या वहीत रोज लिहीत असे, आणि तिची ती वही माझ्या सहाही वह्यांपेक्षा चांगली होती, कारण तिने पहिल्या दिवशी सांगितलेला नियम एकदाही मोडला नाही. तिला अक्षर ओळख बेताची होती, म्हणून ती अधिकाच्या फुल्या मारत असे.

येत्या रविवारी ये. मिरजेच्या गाडीने आलीस तर दुपारपर्यंत पोहोचशील, जेवायला थांब. माझ्या सहा वह्या मी बांधून ठेवल्या आहेत. त्या जपण्यासाठी देत नाही, नव्या सदस्याला पहिल्या बैठकीत उघडून दाखवण्यासाठी देतो आहे. येताना तक्त्याची कोरी प्रत आण. माझ्याकडे अजून येणारी तीन मुले आहेत, त्यांच्या ओळी आपण दोघे मिळून भरू, आणि कुठे शब्दावर अडलो तर त्या शब्दाचा अर्थ ठरल्याशिवाय पुढच्या ओळीला हात लावायचा नाही.

तुझा,
डॉक्टरकाका