पाण्यातलं करिअर : एकच विषय की सगळंच थोडं थोडं?

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिलच्या थर्ड इयरला आहे, तिला पाण्याच्याच क्षेत्रात काम करायचंय. कॉलेजचे सर म्हणतात ग्राउंडवॉटर पकड आणि त्यातच राहा. तिचा मामा म्हणतो आजकाल सगळं यायला लागतं, जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे), कायदा, समाजशास्त्र. पोरगी पार गोंधळलीय. (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, दोघंही बरोबर आहेत पण आधी सरांचं ऐका. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या पाणी शिकवणाऱ्या संस्थेतल्या लोकांनी २०१२ मध्ये यासाठी इंग्रजी टी अक्षर वापरलं होतं, उभी दांडी म्हणजे एका विषयात खोल, आडवी म्हणजे बाकीच्यांशी बोलता येईल इतपत. माझं मत असं की उभी नसेल तर आडवी टेकवायची कशावर?

माझाच किस्सा सांगतो. नोकरीत नवीन होतो, दोन हजार वस्तीची नळयोजना, तेव्हा माणशी ४० लिटर धरायचो (आता जलजीवनमध्ये ५५), म्हणजे दिवसाला ८० हजार लिटर, पंप, पाईप, टाकी सगळं दोनदा चेक केलेलं आणि मार्चमध्ये विहीर कोरडी. आम्ही पंपाला शिव्या घालतोय तर तिथं बसलेला विहीर खणणारा म्हातारा म्हणाला, "सायेब, वरचा मांजऱ्या पाणी देतो, खाली काळा पाषाण लागलाय, अजून वीस फूट गेला तरी नुसता घाम निघंल." (मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा मऊ खडक.) मग वरचं पाणी गेलं कुठं, तर शंभर पावलांवर उसाला दोन नवीन बोअर! पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय दुसरी विहीर घेता येत नव्हती, हा तेव्हाचा १९९३ चा कायदा मला माहीतच नव्हता. बरं, बोअर निघाले सरपंचांच्या भावकीतले, म्हणजे कायदा पाठ असता तरी ग्रामसभेत विषय काढायचा कसा हे शिकायला मला पुढची चार-पाच वर्षं गेली.

तर भूजल घेऊ दे, पण नीट. राज्याचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग बसाल्टवर (लाव्हारसाचा काळा खडक) आहे, खडक वाचता आला पाहिजे. पुण्याची अक्वाडॅम संस्था भूजलाचं ट्रेनिंग देते. आयआयटी मुंबईच्या सितारा (CTARA, ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचा) विभागात टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटचं एमटेक आहे, त्यात गावात जाऊन काम करावं लागतं, मामांची अर्धी यादी तिथंच उरकते, गेट या प्रवेशपरीक्षेची तयारी मात्र आतापासून करा. जीआयएस कामापुरतं येऊन जातं, त्यासाठी महागडा क्लास लावू नका, मामा रागावले तर रागावू देत.

आणि या सुट्टीत एसीत बसून सॉफ्टवेअर शिकण्यापेक्षा जवळच्या एखाद्या गावातल्या वीस विहिरींची पातळी मे महिन्यात मोजायला लावा, पावसाळा संपला की परत त्याच वीस. स्टीलचा टेप आणि खडू एवढंच लागतं. टेपच्या टोकाला खडू फासून खाली सोडायचा, वर काढला की ओलं कुठवर झालंय ते स्पष्ट दिसतं.